एक मुक्काम वाढवा: मध्यम शहरांतल्या नव्या पर्यटनस्थळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं पर्यटनस्थळ हवं, ही मागणी हल्ली जवळजवळ प्रत्येक महापालिकेच्या अंदाजपत्रकात असते. कुणाला तलावात कारंजं हवं असतं, कुणाला टेकडीवर पुतळा. कोणत्या शहराने यात पैसा घालावा आणि कोणत्या शहराने आधी नळाचं पाणी बघावं, यावर बोलणं मात्र टाळलं जातं. खालची उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत आणि त्यांत माझी मतं मिसळलेली आहेत.

मध्यम शहर कोणाला म्हणायचं?

2011 च्या जनगणनेत ज्यांची लोकसंख्या साधारण 3 लाख ते 10 लाख होती, ती शहरं. त्यानंतरची जनगणना लांबली, म्हणून तोच आकडा धरावा लागतो. वरच्या टोकाला साडेनऊ लाखांचं सोलापूर आणि खालच्या टोकाला सव्वातीन लाखांच्या आसपासचं चंद्रपूर. मध्ये अमरावती, नांदेड, कोल्हापूर, सांगली-मिरज-कुपवाड, जळगाव, अकोला, लातूर, धुळे, अहिल्यानगर. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांची गणितं वेगळी, ती इथे नाहीत.

आढेवेढे नकोत, नावं सांगा.

सोलापूर, मिरज, अहिल्यानगर, चंद्रपूर. याच क्रमाने. जळगाव आणि नांदेड दुसऱ्या रांगेत.

ही चारच का? निकष काय लावला?

निकष एकच: मुक्काम. आलेला माणूस रात्र त्या शहरात काढतो का, आणि काढत नसेल तर त्याला थांबवता येईल का?

दर्शन उरकून त्याच संध्याकाळी परतणारी गाडी शहराला देते काय? पेट्रोल पंपावरचं बिल, दोन चहा आणि भरपूर धूर. तोच माणूस रात्री राहिला की लॉजचं भाडं, रात्रीचं जेवण, सकाळचा नाष्टा, दोन रिक्षा आणि घरी न्यायची खरेदी एवढं सगळं शहरात पडतं. ही कमाई एका मोठ्या ठेकेदाराकडे जात नाही, पन्नास हातांत विभागली जाते. म्हणून दुपारी चार ते रात्री नऊ या वेळात पाहुण्याने करायचं काय, याचं उत्तर देणारी गोष्टच उभारायला हवी.

त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. तासा-दीड तासाच्या अंतरावर लोकांचा राबता आधीच हवा. जाहिरात करून गर्दी खेचणं मध्यम शहराच्या खिशाला झेपत नाही. दाखवायची गोष्ट त्याच शहराची हवी. आणि पाहुणे आले नाहीत तरी गावातल्या माणसाला तिथे जावंसं वाटलं पाहिजे. ही तिसरी अट सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते. गावकरी जिथे फिरकत नाहीत, तिथे वर्षभरात दिवे फुटतात आणि पुढच्या वर्षी गेटला कुलूप लागतं.

सोलापूर पहिलं का? तिथे बघायला आहे काय?

हा प्रश्न बहुतेक वेळा सोलापूरकरच विचारतात.

नकाशा घ्या. अक्कलकोट सुमारे 40 किलोमीटर, तुळजापूर 45, पंढरपूर 70-75. पलीकडे कर्नाटकात गाणगापूर. एवढी मोठी देवस्थानं भोवती असलेलं मध्यम शहर राज्यात दुसरं नाही. लाखो लोक सोलापूर स्टेशनवर उतरतात, एसटी स्टँडवर गाडी बदलतात आणि निघून जातात. फेब्रुवारी 2023 पासून मुंबईहून वंदे भारत येते. म्हणजे येणारे आहेत, थांबण्याला कारण नाही.

आणि बघायला आहे पुष्कळ, पण सुटं सुटं. शहराच्या मधोमध बहमनी काळातला भुईकोट, त्याला लागून सिद्धेश्वर तलाव आणि तलावातलं मंदिर. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वजांच्या उंच काठ्या तोलत मानकरी चालतात, होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, लागतो. त्या चार दिवसांत शहर बघावं असं असतं. मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी झाली. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 मध्ये इथेच जन्मले, 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या घराचं स्मारक झालं आहे आणि चीनची शिष्टमंडळं ते आवर्जून बघायला येतात. आपण जात नाही.

शहराबाहेर हत्तरसंग कुडल आहे, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथला शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं नळदुर्ग तासाभरावर. पाऊस चांगला झाला की पाणीमहालावरून कोसळणारे नर-मादी धबधबे बघायला झुंबड उडते.

बरं, पण नवं काय उभारायचं?

कापडाचं संग्रहालय, आणि तेही चालू मागांचं.

1870 च्या दशकात मोरारजी गोकुळदासांनी काढलेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. या गिरण्यांनी सोलापूर घडवलं. भोंग्यावर शहराचं घड्याळ चालायचं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, बऱ्याच जमिनींवर आता प्लॉट आणि इमारती आहेत. चादर मात्र राहिली, तिला भौगोलिक मानांकनही आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा धंदा वाढवला. पूर्व भागात आजही घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि शेजारच्या गल्लीत कन्नड ऐकू येतं.

जॅकार्ड माग चालताना कधी पाहिलाय? वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ असते, दोऱ्याने एकमेकींना ओवलेली. प्रत्येक पुठ्ठा पुढे सरकतो तसा वरच्या हुकांचा एक गट उचलला जातो, ताण्यातले तेवढेच धागे वर येतात, खालून धोटा सुटतो. शंभरेक पुठ्ठे सरकेपर्यंत मोराची मान दिसायला लागते. खोलीत बोलायचं तर ओरडावं लागतं. दहा वर्षांचं पोरगं हे अर्धा तास डोळे न हलवता बघतं. त्याला काचेच्या कपाटातली चादर दाखवली तर दोन मिनिटांत मोबाइल मागेल.

म्हणून बंद गिरणीची एखादी उरलेली इमारत किंवा पूर्व भागातला मोठा कारखाना घ्यावा, चार-पाच माग चालू ठेवावेत, विणकराला रोजगार द्यावा, शेवटी दुकान. वेळ संध्याकाळी चार ते आठ. बाहेर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि शेंगापोळी मिळाली तर बाकी जाहिरात लागणार नाही.

भुईकोटालाच रोषणाई आणि बगीचा करून भागणार नाही का?

रोषणाई करा, पण कायदा बघून. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं, त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. 2010 च्या दुरुस्तीपासून हे नियम कडक झाले. परवानगीविना फूड कोर्टची निविदा काढायची आणि नोटीस आली की काम अर्धवट सोडायचं, हे किती शहरांत झालंय ते मोजू नये. किल्ला आहे तसा स्वच्छ ठेवावा, तलावाकाठी बसायला जागा आणि चालायला सलग वाट द्यावी. मंदिर, किल्ला, तलाव असा पायी फेरा त्यातूनच तयार होतो.

सोलापुरात काही दिवसांआड पाणी येतं. तिथे पर्यटक आणून ठेवायचे कुठे?

योग्य प्रश्न आहे. उजनीसारखं धरण उशाला असताना सोलापूरकराने पिंपं भरून ठेवावीत, ही त्या शहराची जुनी दुखरी नस. हॉटेलं टँकर मागवतात आणि त्याच गल्लीतली घरं नळाची वाट बघतात. पाहुणे वाढले तर ही चीड वाढेलच. पाइपलाइन आणि वितरण सुधारल्याशिवाय मोठी हॉटेलं आणण्याच्या गप्पा मारू नयेत. पण संग्रहालय आणि पायी फेरा यांना त्यासाठी थांबायची गरज नाही, त्यांना पाणी लागतं ते स्वच्छतागृहापुरतं.

मिरजेला कोण जाणार? ते तर जंक्शन आणि दवाखान्यांचं गाव.

तेच तर भांडवल आहे. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रातले पेशंट मिरजेला येतात. पेशंटसोबत दोन नातेवाईक असतात आणि त्यांतला एक दिवसभर दवाखान्याच्या पायरीवर बसलेला असतो. शिवाय कोल्हापूर सुमारे 50 किलोमीटरवर, नृसिंहवाडी आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर त्याहून जवळ. कोल्हापुरात महालक्ष्मी करून आलेल्याला अर्धा दिवस इकडे वळवणं कठीण नाही.

आणि वळवायचं कशासाठी, तर सतारीसाठी. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली तंतुवाद्यांची परंपरा सतारमेकर गल्लीत आजही चालू आहे. मिरजेची सतार आणि तानपुरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या कडू भोपळ्यांचे ढीग दुकानांच्या माळ्यावर वाळत पडलेले असतात. भोपळा कापायचा, आतला गर काढायचा, गळ्याला लाकूड जोडायचं, दांडी बसवायची, मग नक्षी आणि पॉलिश. शेवटचं काम सगळ्यात अवघड, जवारी काढण्याचं. कारागीर घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) वरचा पृष्ठभाग कानसने किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. एका घासाने आवाज बंद होतो, दुसऱ्याने गुंजायला लागतो. मोजपट्टी कुठेच नसते, सगळा हिशेब कानाचा.

ज्या गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले, जिथे उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले आणि 1937 मध्ये दक्षिणेतल्या प्रवासात गेल्यावर ज्यांना ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात आणून दफन केलं, त्या गावात बाहेरच्या माणसाला गाणं ऐकायचं असेल तर उरसाची किंवा नवरात्रातल्या अंबाबाई संगीत महोत्सवाची वाट बघावी लागते. बाकीचे महिने शांतता.

मिरजेला हवं ते छोटं आहे: शंभरेक खुर्च्यांचं सभागृह, दर शनिवारी संध्याकाळी तासाभराची मैफल, आणि शेजारी वाद्य कसं बनतं ते दाखवणारी दोन दालनं. गाणारे नवखे असले तरी चालतील. सांगलीत नाटकाची जोड मिळते. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीकर पटवर्धनांच्या दरबारात पहिलं नाटक केलं आणि दर 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन तिथे साजरा होतो. दहा किलोमीटरच्या अंतरात गाणं आणि नाटक दोन्ही, तरी दोन्ही गावं एकमेकांकडे पाठ करून बसलेली. कृष्णेच्या पुराचं भान मात्र ठेवावं लागेल. 2005 आणि 2019 ज्यांनी पाहिलं ते नदीकाठी लाकडी वाद्यांचं दालन बांधा असं म्हणणार नाहीत.

गल्लीत पर्यटक घुसले तर कारागिरांना त्रास नाही का होणार?

होणार. जवारी काढताना मागे चाळीस माणसं सेल्फी काढत असतील तर कुणाचाही हात थरथरेल. म्हणून बघायचं दालन वेगळं, कारखाना वेगळा. कारखान्यात जायचं तर आधी वेळ ठरवून, पाच-सहा जणांनीच, आणि दिलेल्या पैशांतला मोठा वाटा कारागिराला. ही व्यवस्था महापालिकेने बसवू नये, कारागिरांच्या संस्थेने बसवावी.

अहिल्यानगर? तिथून तर लोक फक्त शिर्डीला जातात.

तीच गाडी थांबवायची आहे. पुण्याहून शिर्डीला निघालेल्या हजारो गाड्या या शहरातून किंवा त्याच्या बायपासवरून जातात. शनिशिंगणापूरची गर्दी वेगळी. मेहेराबादला अवतार मेहेरबाबांच्या समाधीसाठी जगभरातून लोक येतात, 31 जानेवारीच्या अमरतिथीला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, तर फारच. तेही शहर न बघता परत जातात.

मलिक अहमद निजामशाहने 1490 मध्ये वसवलेलं हे शहर. ऑक्टोबर 2024 मध्ये नाव बदललं, पण निजामशाहीची घुमटं, बागरोझा ही कबर, फराहबाग हा राजवाडा जागच्या जागी आहेत. भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट 1942 पासून नेहरू, पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीतले इतर नेते कैदेत होते. नेहरूंनी आणि आझादांनी आपली गाजलेली पुस्तकं तिथेच लिहिली. दुसऱ्या एखाद्या शहरात एवढ्यावर दिवसभराचा कार्यक्रम झाला असता. इथे किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने बघणाऱ्याला अटींमध्ये अडकावं लागतं. लष्कराचं रणगाडा संग्रहालय 1994 पासून आहे आणि पोरांना तिथून बाहेर काढणं मुश्किल होतं. शहराबाहेरच्या डोंगरावर ज्याला सगळे चांदबिबी महाल म्हणतात, ती खरी सलाबतखानाची कबर. पण रिक्षावाल्याला कबर सांगितलंत तर तो नेणार नाही, महालच सांगा.

इथे नवीन बांधायचं फारसं काही नाही. लष्कराशी बोलून किल्ल्याच्या ठरलेल्या वेळा, शहरातून किल्ला, फराहबाग, रणगाडे आणि महाल जोडणारी एक बस, आणि फराहबागेत पाणी. एकेकाळी ती इमारत तळ्याच्या मधोमध होती. आज कोरड्या खड्ड्यात उभा दगडी सांगाडा दिसतो. भवतीचं तळं पुन्हा भरलं तर दख्खनच्या वास्तूंमध्ये तिच्या तोडीची जागा शोधावी लागेल. चौघांपैकी सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त मिळण्यासारखं शहर हेच. तरी तिसऱ्या क्रमांकावर, कारण गुंता परवानग्यांचा आहे आणि तो सोडवायला महापालिकेपेक्षा मंत्रालय लागतं.

चंद्रपूरला ताडोबा आहे की! मग आणखी काय हवं?

ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात आहे, चंद्रपूर शहरात नाही. पाहुणा नागपूर विमानतळावर उतरतो, थेट मोहर्ली किंवा कोलारा गेटजवळच्या रिसॉर्टवर जातो, दोन सफाऱ्या करतो आणि तसाच परततो. शहराच्या जुन्या तटबंदीचं जटपुरा गेट त्याला दिसतही नाही.

दिसायला हवं. गोंड राजांनी उभारलेला दहा-अकरा किलोमीटरचा परकोट, म्हणजे शहराभोवतीची तटबंदी, तिचे चार दरवाजे आणि पाच खिडक्या (छोटे दरवाजे). दरवाजांवर हत्तीवर स्वार झालेला सिंह. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर ही दरवाजांची नावं गावातल्या पोरांना तोंडपाठ. राणी हिराईने पती बिरशाहची समाधी बांधली आणि महाकालीचं मंदिरही. विदर्भात गोंडांची सत्ता काही शतकं होती; ती सांगणारं नीटनेटकं दालन राज्याच्या दुसऱ्या टोकाला सोडा, चंद्रपुरातही नाही. इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या पोरांनी 2017 पासून श्रमदान करून परकोटावरची झाडंझुडपं काढली, बुरूज मोकळे केले. शासनाने निविदा काढून जे झालं नसतं ते लोकांनी घाम गाळून केलं.

आता परकोटावरून चालायची सलग वाट, दरवाजांशी माहितीचे फलक आणि गोंड राजवटीचं संग्रहालय एवढं हवं. ते गोंडी बोलणाऱ्या माणसांनी सांगितलेलं असावं, नागपूरहून आलेल्या सल्लागाराने लिहिलेलं नसावं.

वेळ कोणती, हा चंद्रपूरचा खरा पेच. वाघ दिसण्याचा हंगाम एप्रिल-मे, आणि तेव्हा पारा 45 च्या वर. परकोट सकाळी साडेसहाला किंवा अंधार पडल्यावर. मंगळवारी ताडोबा बंद असतो, त्या दिवशी रिसॉर्टमध्ये पाहुणे कंटाळलेले असतात. शहराने पहिला हात तिथे घालावा. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर क्षेत्र बंद, तेव्हा हिरवा परकोट आणि भद्रावतीची विजासन लेणी यांवर वेगळा हंगाम उभा राहू शकतो. कोळशाचंही मनावर घ्यायला हरकत नाही. नागपूरजवळ सावनेरला खाण पर्यटनाचा प्रयोग झाला. ज्या शहराच्या पोटाखाली कोळसा आहे त्याने जुन्या भूमिगत खाणीचा सुरक्षित भाग का दाखवू नये? प्रदूषणाचा प्रश्न उरतोच. वीज केंद्राची राख आणि रस्त्यावरची धूळ बघून पाहुणा खिडकीची काच वर करतो. ते लपवता येत नाही, कमीच करावं लागतं.

संगीत कारंजं, काचेचा पूल, उंच पुतळा, जगातली सात आश्चर्यं... यांत वाईट काय?

पहिले सहा महिने वाईट काहीच नसतं. नंतर कारंज्याचा पंप बिघडतो, सुटा भाग परराज्यातून यायचा असतो, देखभालीचा ठेका संपलेला असतो. आणि मुख्य म्हणजे तेच कारंजं पुढच्या शहरातही आहे. छोटा आयफेल टॉवर बघायला पुण्याचा माणूस अकोल्याला का येईल?

एक मात्र कबूल: शहराच्या नावाची ती मोठी, रंगीत, रात्री उजळणारी अक्षरं लोकांना आवडतात. स्वस्त असतात, बसवून टाका. फक्त त्याला पर्यटन विकास म्हणू नका.

कोल्हापूर यादीत नाही? आणि सातारा?

कोल्हापूरला अंबाबाई आहे, रंकाळा आहे, न्यू पॅलेस आहे, मिसळ आहे. जवळचा पन्हाळा 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्याला नवं आकर्षण नको, पार्किंग आणि मंदिर परिसरात मोकळा श्वास हवा. सातारा लोकसंख्येने या गटात बसत नाही, पण तिथल्या कास पठाराचं उदाहरण सगळ्यांनी बघावं. 2012 मध्ये जागतिक वारसा झाल्यावर फुलं बघायला अशी गर्दी लोटली की रोजच्या माणसांवर मर्यादा आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागली. गर्दी आल्यावर नियम करण्यापेक्षा आधी केलेले स्वस्त पडतात.

जळगाव, नांदेड दुसऱ्या रांगेत का?

अजिंठा जळगावपासून सुमारे 60 किलोमीटर, संभाजीनगरपासून 100 च्या आसपास. तरी बहुतेक पाहुणे संभाजीनगरात मुक्काम करतात, कारण तिथे वेरूळही जोडता येतं. जळगावात जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ उत्तम आहे आणि भरीत-भाकरी तर आहेच. बहिणाबाईंचं असोदं अगदी लागून. थोडी जोडाजोड केली की हे शहर वरच्या रांगेत येईल. नांदेडला शिखांच्या 2008 च्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने मोठा निधी मिळाला, रस्ते-घाट झाले; हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात येणारे भाविक राहतातही. तिथे प्रश्न गोदावरीच्या पाण्याचा आहे, आकर्षणाचा कमी.

लातूर, अमरावती, अकोला, धुळे?

लातूरने पाणी. ज्या शहराला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्याने आधी तेच करावं. अमरावतीने चिखलदरा-मेळघाटच्या वाटेवरचं चांगलं थांब्याचं गाव व्हावं, तेवढं पुरे. अकोल्याकडे बाळापूरचा किल्ला आणि नरनाळा आहेत, दोन्ही शहराबाहेर; खर्च तिकडच्या रस्त्यावर करावा. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखितं अभ्यासकांसाठी खजिना आहेत, सहकुटुंब सहलीसाठी नाहीत, आणि त्यांना उगीच तसं करूही नये.

पैसा कुठून आणायचा?

जिल्हा नियोजन समिती, राज्याची प्रादेशिक पर्यटन योजना, केंद्राची स्वदेश दर्शन आणि धार्मिक स्थळांसाठी प्रसाद. राज्य संरक्षित स्मारक असेल तर संगोपन (स्मारक दत्तक) योजनेत खासगी संस्थेला सोबत घेता येतं. नळदुर्गात तसंच झालं. बांधकामाला पैसे मिळतात हो. मिळत नाहीत ते पगाराला. दहा कोटींची इमारत उभी राहते आणि तिथल्या तिकीट खिडकीवर बसायला माणूस नसतो. प्रस्ताव करतानाच पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद लिहून घ्यावी, नाहीतर प्रस्ताव परत पाठवावा.

पर्यटक वाढले की आमची भाडी वाढतील, रस्ते तुंबतील. आम्हाला काय मिळणार?

शंका रास्त आहे. म्हणूनच मोठ्या प्रकल्पापेक्षा जुन्या वस्तीत विखुरलेल्या छोट्या जागा बऱ्या. गर्दी एका चौकात साचत नाही. स्थानिकांना तिकीट अर्धं किंवा माफ असावं. आणि बाजूच्या जागा आधीच कुणी विकत घेतल्या आहेत ते बघावं. पर्यटन प्रकल्प जाहीर होण्याच्या वर्षभर आधी तिथे जमिनीचे व्यवहार झाले असतील तर प्रकल्प नेमका कुणासाठी आहे, हे विचारायचा हक्क नागरिकांना आहे.

यश मोजायचं कसं?

उद्घाटनाच्या दिवशीची गर्दी मोजू नका. तीन वर्षांनी लॉजच्या रजिस्टरमधल्या रात्री मोजा. दुसरं, बाई एकटी रात्री साडेआठला तिथून रिक्षा करून परत जाते का ते बघा. तिसरं, स्वच्छतागृह. कुठल्याही पर्यटन अधिकाऱ्याला मी आधी तिथेच नेईन.

पैसे, इमारत, मंजुरी काहीच नसेल तर सुरुवात कशी करायची?

अहमदाबादसारखी. तिथे महापालिकेने 1997 मध्ये जुन्या शहरातून रोज सकाळी पायी वारसा फेरी सुरू केली. एक वाट, एक माहितगार, ठरलेली वेळ. वीस वर्षांनी, 2017 मध्ये, ते भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर ठरलं. मधल्या काळात वाड्यांची डागडुजी झाली, लोक आपल्या पोळांकडे, म्हणजे जुन्या गल्ल्या-वस्त्यांकडे, वेगळ्या नजरेने बघायला लागले.

सोलापुरात किल्ला ते सिद्धेश्वर ते हुतात्म्यांचे पुतळे, मिरजेत दर्गा ते सतारमेकर गल्ली, चंद्रपुरात जटपुरा ते बिरशाहची समाधी. येत्या हिवाळ्यात रविवारी सकाळी सातला सुरू करता येईल. सांगायला इतिहासाचे निवृत्त शिक्षक मिळतात, कॉलेजची मुलं मिळतात. पहिल्या रविवारी आठ जण आले तरी रद्द करू नका. वेळ मात्र पाळा, सात म्हणजे सात. उशिरा येणाऱ्यासाठी थांबलात तर वेळेवर आलेला पुढच्या वेळी येत नाही.